दादा गप्प बसले तो दिवस

दादा गव्हाचा दाणा दाताखाली धरायचे, डोळे मिटायचे आणि साऱ्या जगाची खबर सांगायचे. "वाळलाय छान. पण विकायचा नाही. डिझेल चढलं, खत चढलं, समुद्रापलीकडे पीक बुडालंय. भाव अजून चढेल." मग कोठाराचं झाकण लागायचं, आणि त्याबरोबर वहिनींची खिडकीही.

वहिनींना गव्हाच्या पैशातून स्वयंपाकघराला शेताकडे उघडणारी एक खिडकी हवी होती. भिंतीवर त्यांनी ती खडूने आखूनच ठेवली होती. पुसट झाली की पुन्हा आखायच्या. भाव पडला की दादा म्हणायचे, "आता विकून काय मिळणार?" चढला की म्हणायचे, "आता कोण विकतं?"

त्या सकाळी भाव कधी नव्हे इतका चांगला होता, म्हणजे दादा विकणार नव्हतेच. शिडीवरून कोठारात वाकून त्यांनी दाणा चावला, आणि त्यांना शिंक आली. कवळी गव्हात गडप झाली.

कवळीशिवाय दादा परक्यापुढे तोंड उघडत नसत. त्यांनी खुणेने वहिनींना बोलावलं. वहिनींनी कोठाराचं खालचं दार उघडलं. गहू झुळझुळ वाहू लागला. बादली भरायची, बोटांनी चाचपायची, ट्रॉलीत ओतायची. दादा वरून हात हलवत होते, अजून, अजून.

कुंपणाशी शेजारी येऊन उभा राहिला. त्याला सगळे रेडिओ म्हणत.

"दादा, विकताय?"

दादांनी तोंडावर रुमाल धरून नकारार्थी मान हलवली.

"वहिनी, हे बोलत का नाहीत?"

"सकाळपासून असेच आहेत," वहिनी म्हणाल्या. ते खरंच होतं.

रेडिओने जाता जाताच फोन लावला. "अरे, जो माणूस चहा पितानाही भाव सांगतो, तो गप्प बसलाय. आणि गहू भरतोय. काहीतरी मोठं घडणार बघ." थोड्याच वेळात अंगणाअंगणातून ट्रॅक्टर सुरू झाल्याचे आवाज येऊ लागले.

कोठार रिकामं झालं. कवळी काही मिळाली नाही.

"आता ट्रॉली भरलीच आहे," वहिनी म्हणाल्या. "एवढा गहू पुन्हा वर चढवायचा, की व्यापाऱ्याकडे न्यायचा? तुम्ही म्हणाल तसं."

दादांनी तोंड उघडलं. तेवढ्यात कुंपणाशी रेडिओ परत आलेला दिसला. दादांनी तोंड मिटलं.

"नाही म्हणत नाहीत ना? मग झालं," असं म्हणून वहिनी ट्रॅक्टरवर चढल्या.

व्यापाऱ्याच्या दारात त्यांचा पहिला नंबर लागला. मागे रांग वाढत गेली, आणि भिंतीवरून ऊन उतरावं तसा भाव हळूहळू उतरत गेला.

संध्याकाळी रेडिओ आला. "आम्ही मागे राहिलो. तुम्हाला कसं कळलं हो, दादा?" दादांनी रुमालामागून आभाळाकडे पाहिलं. रेडिओनेही पाहिलं, आणि तो विचार करत निघून गेला.

मग वहिनींनी बशीत धुतलेली कवळी आणून ठेवली. दादांनी ती बसवली.

"व्यापाऱ्याच्या चाळणीत निघाली?"

"नाही. पहिल्याच बादलीत. दार उघडलं की धान्य मधूनच धसतं, वरचं आधी खाली येतं. तुम्हीच शिकवलंत."

दिवसभराचं बोलणं दादांच्या पोटात साठलं होतं. डिझेल, खत, समुद्र, सगळं. त्यांनी जबडा हलवून कवळी चाचपली. मग उठले, भिंतीपाशी गेले आणि खडू हातात घेतला.

"जरा रुंद करू," ते म्हणाले. "मलाही बघायचंय."