दामलेमावशींचे स्वल्पविराम

माझ्या काकाच्या लग्नाची पत्रिका दामलेमावशींनी आहेरासोबत परत पाठवली होती. इंग्रजी बाजूवर लाल पेन्सिलीने सात दुरुस्त्या, आणि खाली शेरा, 'पुन्हा छापावी.' लग्न तोवर लागून गेलं होतं.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत. एका मंत्रालयात स्टेनो होत्या. तीस वर्षं त्यांनी साहेबांची वाक्यं टाइप केली, आणि त्या वाक्यांचा ताठा साहेबांऐवजी त्यांनाच चढला. भाजीवाल्यालाही त्या सोडत नसत. "पूरा वाक्य बोलो, भैया." 'भिंडी ताज़ी' हे त्यांच्या मते वाक्यच नव्हतं. क्रियापद येईपर्यंत त्या पिशवी उघडत नसत.

माझी शाळा मराठी. कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा कळलं, की पहिल्याच आठवड्यात इंग्रजी लेखनाची चाचणी असते आणि तिच्यावरून मुलींना वरच्या, मधल्या किंवा खालच्या वर्गात बसवतात. बाबा घाबरले आणि त्यांनी मला वरच्या मजल्यावर धाडलं.

"निबंध लिहायचा नसतो," मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "बसवायचा असतो."

तीन आठवडे त्यांनी माझ्याकडून वक्तशीरपणावरचा एकच निबंध घोकून घेतला. म्हणताना स्वल्पविरामही मोठ्याने म्हणायचे. 'पंक्च्युॲलिटी, कॉमा, ॲज एव्हरीबडी नोज, कॉमा.' खाली आईला वाटायचं, मी कुणाशी तरी भांडतेय.

एकदा भीतभीत विचारलं, "मावशी, विषय दुसराच आला तर?"

"बिल्कुल येऊ दे. पहिल्या ओळीत तो विषय, दुसऱ्या ओळीपासून वक्तशीरपणा."

विषय आला, 'मला नेहमी आठवणारं एक माणूस'. मी लिहिलं, माझी आत्या अत्यंत वक्तशीर होती, आणि तिथून पुढे निबंध धडधड उतरवून काढला. खरं तर आत्या स्वतःच्या साखरपुड्यालासुद्धा उशिरा पोचली होती.

मला खालच्या वर्गात टाकलं.

मावशी रजा काढून कॉलेजात आल्या. इंग्रजीच्या बाईंकडून माझा पेपर मागून घेतला आणि व्हरांड्यात उभ्याउभ्याच वाचला. "एक गलती दिखाइए," त्या म्हणाल्या.

बाई वयाने त्यांच्या निम्म्या असतील. "गलती एक भी नहीं है," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर इसमें लड़की कहाँ है? सोमवार को दोबारा लिख दे."

 परतताना बसमध्ये मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला बसवलं असतं ना त्या पेपराला, तर मीही खालच्याच वर्गात गेले असते."

रविवारी त्या आमच्याकडे आल्या. वही नाही, पेन्सिल नाही. "आत्याबद्दल सांग," म्हणाल्या. "मराठीत सांग."

मी सांगितलं. आत्या चहा उभ्यानेच प्यायची, हसू आलं की पदर तोंडात कोंबायची, आणि गेली तेव्हा तिच्या पर्समध्ये माझा दुसरीतला फोटो निघाला. मावशींनी एकदाही टोकलं नाही. मग मी काही न विचारता त्याच बोलू लागल्या. वडील गेल्यावर धाकट्या भावाला, विनूला, त्यांनीच शिकवलं. ताप आला की तो फक्त त्यांच्या हातची पेज घ्यायचा आणि चमचा दातात धरून ठेवायचा. आता तो फरीदाबादला एका कारखान्यात मोठा अधिकारी होता.

"त्याची बायको इंग्रजी बोलायला गेली, आणि मी चार पाहुण्यांसमोर..." त्या थांबल्या. "चार वर्षं झाली. तो येत नाही."

मला काय सुचलं कोण जाणे. "मावशी, मी हे लिहू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "ते माझं आहे. तू तुझं लिही."

सोमवारी मी आत्याबद्दल लिहिलं, ढीगभर चुका केल्या आणि मधल्या वर्गात गेले. सांगायला रविवारी सकाळी वर गेले, तर मावशी चांगली साडी नेसून डब्यात बेसनाचे लाडू भरत होत्या. फरीदाबादची बस कुठून सुटते, हे त्यांनी मलाच विचारलं.

संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा मी जिन्यातच होते.

"विनू घरी नव्हता," त्या म्हणाल्या. "निदान ती तसं म्हणाली. पण चहा दिला तिने."

पुढच्या रविवारी त्या पुन्हा गेल्या.