नागिणीची चुलत बहीण

बारशात गडबड होणं शक्यच नव्हतं. नाव मी निवडलं होतं, कानात सांगणारी आत्या मीच, आणि सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी असल्यामुळे पाळण्यातली गादीसुद्धा मी कडक उन्हात घालून घेतली होती. कल्पेशदादाच्या मुलीचं नाव रेणू. इतका लहान कण, पण पदार्थाचे सगळे गुण त्यात. चहा गाळताना, पुलावरून उल्हास नदीकडे बघताना ते नाव धुक्यासारखं तरंगत यायचं.

बारशाच्या आदल्या सकाळी तेच नाव स्वप्नात ऐकत उठले, तर ओठाच्या कोपऱ्यात मुंग्या. मग खाज, मग लाली, आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरलेल्या बारीक फोडांचा घोस. हे विषाणूचं काम. तो एकदा अंगात शिरला की मज्जातंतूत झोपून राहतो. ऊन, ताप, जागरण झालं की जागा होतो. माझ्या विषाणूला बहुतेक बारशाचं आमंत्रण गेलं होतं.

मोठ्यांना हे दुखणं किरकोळ, तान्ह्याच्या मात्र जिवावर बेतू शकतं. मी मास्क लावला आणि शिरगावच्या हॉलमध्ये बाळापासून लांब बसले.

"तोंड कशाला बांधलंस गो?" बाबांची आत्या, भिमाआजी, म्हणाली.

मी लांबूनच ओठ दाखवला.

"जर उठलाय, तापाचे फोड. झोपेत पाल चाटली असंल."

"पाल नाही आजी, विषाणू. नागीण होते ना, तिची चुलत बहीण समज."

इथे मी थोडं कमी अचूक बोलायला हवं होतं. आजीला फक्त नागीण ऐकू गेली. बातमी पाळण्यापर्यंत पोचली तेव्हा नागिणीने माझ्या कमरेला विळखा घातला होता आणि तिचं तोंड शेपटीला भिडायला बोटभर उरलं होतं. आजी नागिणीवर लावायला गेरू शोधायला गेली. माझ्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

"मग नाव सोनिया सांगेल," आई म्हणाली.

सोनिया म्हणजे माझी स्वतःची चुलत बहीण, उल्हासनगरची. "मी मायरा सांगणार हां," ती म्हणाली. "रेणू काय यार, पुराना लगता है."

"नाव मीच सांगणार. लांबून."

"लांबून म्हणजे? माइकवर?" बाळाच्या आईने, उन्नतीवहिनीने विचारलं.

हॉलमागे नळाचं काम चाललं होतं. तिथला कोरा पाइप मी साबणाने धुऊन आणला. एक टोक माझ्या मास्कपाशी, दुसरं वहिनीने बाळाच्या कानाजवळ धरलं आणि स्वतःचाही कान तिथेच नेला. हॉल शांत झाला. पाळणा हलकेच झुलत होता, बाळ झोपेत स्वतःशीच हसत होतं. मला वाटलं, मी एखाद्या दूरच्या ताऱ्याशी बोलते आहे.

"कुर्रर्र," मी म्हणाले.

रीतीप्रमाणे पाठीत धपाटे बसले. नागिणीच्या धास्तीने बायकांनी हात न लावता पर्स वापरल्या. त्या दणक्यात नाव मास्कमधून धडपडत, पाइपमधून घरंगळत पलीकडे गेलं.

बाळाने डोळे उघडले.

"वेणू," वहिनी म्हणाली.

"वेणू," भिमाआजी गेरूची वाटी घेऊन दारातच थांबली. "बासरीचं नाव, आन् आलं पन नळीतूनच. तुला देवानंच सुचवलं गो बाय."

मी दुरुस्ती सांगितली. मास्कमधून कोणाला कळली नाही. पाळणागीत सुरू झालं होतं.

फोडांनी खपली धरली, ती पडली, ओठ कोरा झाला. नाव मात्र राहिलं. आता घरात कोणी नसलं की मी पाळण्यावर वाकते आणि हळूच तिला रेणू म्हणते.

ती जांभई देते.