ओलरेनशॉ यांचे वायुवीजन

मनुष्याला जगण्यासाठी हवा लागते, याबाबत तज्ज्ञांमध्ये आता फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो हवा किती घ्यावी आणि ती खालून यावी की बाजूने, याबद्दल. लँकशर परगण्यातल्या ऑसेनडेल गावात हा प्रश्न जितक्या गांभीर्याने हाताळला जातो, तितका इस्पितळातही हाताळला जात नसेल. (इस्पितळात निदान चहाच्या सुट्टीत विषय बदलतात.)

नॉरिस ओलरेनशॉ हा बस डेपोतून निवृत्त झालेला सद्गृहस्थ. त्याची बायको बेरिल हिला जुना खोकला. सिगारेटच्या धुराने तो बळावतो असं डॉक्टर म्हणाले आणि नॉरिसने त्याच आठवड्यात सिगारेट सोडली, हे इथे आदरपूर्वक नमूद केलं पाहिजे. त्याचं बायकोवर प्रेम होतं आणि आहे. या गोष्टीत त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये.

सिगारेटच्या जागी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्याला व्हेप ओढायला सांगितलं. एक बॅटरी, तिच्यावर इवलीशी टाकी, टाकीत गोड वासाचा रस, आणि तारेच्या वेटोळ्यातून गेलेली कापसाची वात. वात रस पिते, तार तापते, वाफ होते, माणूस ती ओढतो. तीन महिन्यांत हेही सुटेल, असं नर्सबाई म्हणाल्या. बाई चांगल्या होत्या, पण पुरुषांचा अनुभव त्यांना कमी असावा.

कारण मग नॉरिसला कळलं की उघडता येणारी टाकीही मिळते. तिची तार आपण वळायची, वात आपण भरायची, हवेचं भोक आपण लहानमोठं करायचं. बस डेपोत जन्म गेलेल्या माणसाच्या हातात उघडता येणारी वस्तू दिल्यावर पुढे काय होणार ते सांगायला नको. कापूस जास्त कोंबला की रस वर चढत नाही आणि घशाला जळका झुरका बसतो. कमी घातला की टाकी खालून गळते आणि पँटच्या खिशाला स्ट्रॉबेरीचा वास लागतो. भोक लहान ठेवलं तर वाफ कोंडते, मोठं केलं तर चव पळते. इतक्याशा वातीने माणसाला किती वात आणावा, याला मर्यादा नाही.

अशा पीडितांसाठी गावात ‘ऑसेनडेल टाकी सुधार मंडळ’ आहे. दर गुरुवारी पबच्या वरच्या खोलीत ते भरतं. मंडळात दोन पक्ष आहेत. वातीची दोन टोकं, म्हणजे शेपट्या, आखूड कापाव्यात असं मानणारे एका बाजूला, आणि त्या लांब सोडून कंगव्याने विंचराव्यात असं मानणारे दुसऱ्या बाजूला. हे लोक एकमेकांच्या अंत्यविधीला जात नाहीत. (हा नियम आतापर्यंत एकदाच वापरावा लागला आहे.) टाकीतली हवा नीट तपासायची तर खोलीतली हवा हलता कामा नये, म्हणून सभेपूर्वी खिडक्या बंद होतात, दाराच्या फटीत टॉवेल खुपसला जातो आणि धूर झाला की वाजणाऱ्या छतावरच्या भोंग्याला अंघोळीची टोपी घातली जाते. अध्यक्ष दिसेनासे झाले की सभा संपली असं समजतात.

आता खिडकीविषयी.

ओलरेनशॉंच्या झोपायच्या खोलीत एकच खिडकी आहे, वर सरकवून उघडायची. दोन वर्षांपूर्वी नॉरिसने ती मन लावून रंगवली. रंग इतका उत्तम प्रतीचा होता की खिडकी आणि चौकट कायमची एकजीव झाली. तेव्हापासून त्या खोलीत हवा शिरलेली नाही. कपाटामागे बुरशीचे काळे डाग पडले आणि सिगारेट सुटूनही बेरिलचा खोकला जाईना.

“नॉरिस, ती खिडकी जरा उघडून दे रे.”

“बघतो,” नॉरिस टाकीतून डोकं वर न काढता म्हणायचा.

‘बघतो’ हा शब्द संसारात फार उपयोगी आहे. त्यात होकार आहे, आपुलकी आहे आणि काम सोडून बाकी सगळं आहे. शिवाय नॉरिस शब्दाचा पक्का. तो रोज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या खिडकीकडे बघत असे.

शेवटी एका सोमवारी बेरिल नाश्त्याच्या टेबलाशी खोकत खोकत बसली आणि शांतपणे म्हणाली, “शनिवारपर्यंत खिडकी उघडली नाही, तर मी फ्लीटवुडला मेव्हिसकडे जाणार. कायमची. तिच्या घरात समुद्राचा वारा तरी येतो.”

मेव्हिस ही तिची बहीण. बेरिलशिवायचं घर नॉरिसला क्षणभर दिसलं आणि तो मनापासून घाबरला. घाबरलेला माणूस आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत मोठी गोष्ट करतो. नॉरिसने खिडकीचा प्रश्न मंडळापुढे ठेवला.

मंडळाने तातडीने पाहणी समिती नेमली. अध्यक्ष क्लिफर्ड हेसलडेन (आखूड शेपटी), विल्फ टॅटरसॉल (लांब शेपटी) आणि स्वतः नॉरिस. शनिवारी सकाळी समिती आली, तिने दारात बूट काढले, बेरिलने दिलेला चहा आणि मटणाचे पॅटिस संपवले आणि मग ती वर गेली.

“आधी दार लावून घ्या,” क्लिफर्ड म्हणाला.

“दार कशाला?” बेरिलने विचारलं. “हवा यावी म्हणूनच आलात ना?”

“बेरिलबाई, हवा येते की नाही ते तपासायचंय. दार उघडं ठेवलं तर ती येणारच. मग तपासायचं काय?”

हा मुद्दा बिनतोड होता. दार लागलं, फटीत बेरिलचाच टॉवेल गेला आणि तिघांनी आपापल्या टाक्या पेटवल्या. वाफ छताला गेली आणि तिथेच बसली. समिती माना वर करून वाट बघत राहिली. वाफ तसूभरही सरकली नाही.

“हलतच नाही रे!” विल्फचा आवाज भरून आला. “आख्ख्या परगण्यात अशी हवा नाही. पबातसुद्धा जिन्यावरून झुळूक येते मेली.”

“आणि हे तू दोन वर्षं आमच्यापासून लपवून ठेवलंस, लेका!” क्लिफर्ड म्हणाला. “खरं सांगतो, पोटात दुखतंय माझ्या.”

नॉरिसला लाजल्यासारखं झालं. इतकं कौतुक त्याचं डेपोतल्या निरोपसमारंभातही झालं नव्हतं. आपण समितीला खोली दाखवायला कशासाठी आणलं होतं, ते तेवढ्यापुरतं त्याच्या मनातून गेलं. धुक्यातून कुणीतरी खोकत होतं. समितीने तो दुजोरा समजला आणि पुढील ठराव एकमताने संमत केले. या खोलीत हवा अजिबात खेळत नसल्याबद्दल श्री. ओलरेनशॉ यांचं अभिनंदन. खिडकी हे मुळात एक मोठं भोक असून कोणतंही भोक एकदम उघडल्यास चव पळते, सबब आधी अभ्यास व्हावा. यंदाची टाक्यांची वार्षिक स्पर्धा याच खोलीत घ्यावी. आखूड आणि लांब शेपटीवाल्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याची मंडळाच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

बेरिल खाली गेली आणि स्वयंपाकघरातून लोणी लावायची सुरी घेऊन परत आली. तिने ती चौकटीच्या फटीतून चारही बाजूंनी फिरवली. रंगाचे पापुद्रे सुटले. मग तिने दोन्ही तळवे लावून खिडकी वर ढकलली, आणि खिडकी गेली वर. माळरानावरचा गार वारा आत घुसला, आणि मंडळाची सगळी वाफ शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींवरून निघून गेली.

“एवढंच होतं होय रे?” बेरिल सुरीकडे बघत म्हणाली. “दोन वर्षं खोकले मी, नॉरिस. लोण्याची सुरी पुरली.”

“अगं, मी बघणारच होतो...”

“ठाऊक आहे मला.” तिने कपाटाशेजारी भरून ठेवलेली बॅग उचलली. “मी जाते मेव्हिसकडे. तू बघ.”

नॉरिस उघड्या खिडकीशी आला. बसचा थांबा बरोबर खालीच आहे. बेरिल बॅग पायाशी ठेवून उभी होती, आणि एक हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. तिने दोनदा मान वर करून खिडकीकडे बघितलंही. हाक मारण्यासाठी नॉरिसने छातीभर श्वास घेतला.

आणि तो चकित झाला. काय गार, काय मोकळी हवा! खालून येतेय, कुठे अडत नाही, घशाला जळका झुरका नाही. टाकीत हे साधायचं तर भोक केवढं ठेवावं लागेल? खालून एकच, की बाजूंनी दोन? आणि मग शेपट्या आखूडच हव्यात का? हिशेब जुळेपर्यंत बस येऊन गेली होती.

“नॉरिस, लाव रे ती खिडकी!” मागून क्लिफर्ड ओरडला. “सगळं माप बिघडवलंस.”

नॉरिसने खिडकी लावली.

त्या वर्षीचा वायुवीजन करंडक त्यालाच मिळाला. तो त्याच खोलीत, पलंगाच्या बेरिलकडच्या बाजूच्या टेबलावर ठेवलेला आहे. त्याची नवी टाकी निर्दोष आहे. ती गळत नाही, जळत नाही, आणि तिच्यातून हवा अशी जाते की ओढणाऱ्याला समुद्रकाठी असल्याचा भास व्हावा. फ्लीटवुडला बेरिलचा खोकला थांबला असं कळतं. आता घरात इतकी शांतता असते की वात रस पिताना बुडबुडा फुटतो तोही नॉरिसला ऐकू येतो, आणि त्या बुडबुड्याला तो अधूनमधून चुकून “बघतो गं” असं उत्तर देतो.

वाचकांना नॉरिसचं हसू आलं असेल. यावं; माणूस हसण्यासारखाच आहे. फक्त मघाशी, ही गोष्ट वाचायला घेतलीत तेव्हा, आतल्या खोलीतून कुणीतरी तुम्हाला काहीतरी सांगितलं होतं, आणि मान वर न करता तुम्ही ‘बघतो’ म्हणालात. (स्त्रियांनी ‘बघते’ असं वाचावं.) काय सांगितलं होतं, आठवतंय?