कदम भावजींची बेरीज

आमच्या शेजारचे कदम भावजी सकाळी 'सुप्रभात' पाठवतात, त्याच्या शेवटी एक नंबर असतो. फूल नाही, सूर्य नाही, नुसता नंबर. आणि पाठोपाठ गॅलरीतून मला हाक, "वहिनी, बेरीज जुळली का?"

नवीन माणसाला वाटेल, उन्हाने डोकं फिरलंय. तसं काही नाही हो. भावजी चाकणला एका कंपनीत मशीनवर होते. लोखंड कुठे नि किती कापायचं ते कॉम्प्युटरवर लिहायचं आणि केबलने मशीनला पाठवायचं. एकदा त्या मजकुरातलं वजाचं चिन्ह वाटेतच गळालं आणि टूल जाऊन घुसलं चांगल्या जॉबमध्ये, म्हणजे कापायला लावलेल्या लोखंडात. तेव्हापासून कुठलाही मजकूर निघाला की यांचा जीव त्याच्यामागे. "वाटेत काय होईल सांगता येत नाही," हे त्यांचं पालुपद.

रिटायर झाल्यावर पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकले, एक प्रोग्रॅम लिहिला आणि निगडीच्या आमच्या सोसायटीत घरोघरी फोनमध्ये घालून दिला. मलाही समजावलं. कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्येक अक्षराला नंबर असतो. कान्याला, मात्रेला, दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेलासुद्धा. ते सगळे मिळवायचे, एका ठरलेल्या आकड्याने भागायचे आणि उरेल ती बाकी मजकुराच्या शेपटीला बांधायची. ज्याला मिळाला त्याने परत तेच करून बघायचं. बाकी तीच आली, तर मजकूर धड पोचला.

"मोकळ्या जागेलाही नंबर?" मी विचारलं.

"मग! रिकामी खुर्ची जागा अडवतेच की."

असं बोलले की भावजी गॅलरीतून लांब बघत बसायचे. अक्षरं निघाली की म्हणे त्यांना दिसतात. मोशीच्या बाजूला, इंद्रायणीवरून, पिंजलेल्या कापसासारखी तरंगत चाललेली. दुपारच्या त्या सुस्त उन्हात मीही बघत बसायची. खोटं कशाला बोलू, एकदोनदा मलाही दिसली.

त्यांनी लिहून दिलेली पाण्याची नोटीस चेअरमननी ग्रुपवर टाकली, तर भावजी लगेच खाली त्यांच्या दारात उभे. "तुमची बेरीज चुकतेय. एक मोकळी जागा जास्त सुटलीय."

"कदमराव, उद्या पाणी नाही, एवढं कळलं ना लोकांना?"

"कळलं. पण ही ती नोटीस नव्हे!"

त्यांना गप्प करणारं माणूस एकच, त्यांची बायको, रमावहिनी. एकदा शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "अहो, माझं नाव टाका बघू त्यात." टाकलं. "आता 'मार' टाका." तोच नंबर! अक्षरं तीच, नुसती मागेपुढे. बेरजेला काय कळणार? वहिनी हसून लोळायच्या बाकी. "बघा ताई, मी आणि मार एकच!" भावजींना जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी प्रत्येक अक्षराच्या नंबराला त्याच्या जागेने गुणायचं ठरवलं, आणि माझ्या दारात येऊन सांगितलं, "आता रमा ती रमाच."

पुढे वहिनींचं विसरणं सुरू झालं. आधी गॅसवरचं दूध, मग मंडईतून घरी यायचा रस्ता. हे वाढत जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

एक मात्र टिकून होतं. भावजी बाहेर निघाले की वहिनी दारात येऊन म्हणायच्या, "अहो, किल्ली घेतली का, पाणी घेतलं का, आणि उन्हात उभं राहू नका." शिफ्टच्या दिवसांपासूनचं हे वाक्य. भावजी आता जिन्यात थांबून ते जसंच्या तसं फोनमध्ये टाइप करायचे. खरा नंबर प्रोग्रॅममध्ये घालून ठेवलेला. जुळला की 'बरोबर' उमटायचं, आणि मग हा माणूस शीळ घालत जिना उतरायचा. ती शीळ ऐकली की मीसुद्धा निवांत कणीक मळायला घ्यायची.

परवा दुपारी मी त्यांच्याकडेच बसले होते. भावजी पिशवी घेऊन निघाले. वहिनी उठून दाराशी गेल्या, चौकटीला हात टेकला, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि पाहुण्याकडे बघून हसतात तशा हसल्या.

"दादा, किल्ली घेतली का, पाणी घेतलं का, आणि उन्हात उभं राहू नका."

भावजींनी टाइप केलं. 'चूक' आलं.

मला वाटलं, आता म्हणतील, अगं, दादा काय म्हणतेस, मी आहे. पण त्यांनी प्रोग्रॅम उघडला, आतला जुना नंबर पुसला आणि तिथे नवा लिहिला. परत तपासून बघितलं.

"जुळली," ते म्हणाले.

"काय जुळलं, दादा?" वहिनींनी विचारलं.

"बेरीज."

"बरं झालं बाई. निघा आता. घरी तुमची वाट बघत असेल कुणीतरी."

"हो, बघत असेल," भावजी म्हणाले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि आत आले.