कासमभाईंचं खलास

कुठल्याही घरात शिरलं की माणसं आधी सलाम-नमस्कार करतात. कासमभाई आधी भिंतीवर तळहात ठेवत आणि म्हणत, "खलास!" सलाम मागाहून.

साठच्या दशकातली गोष्ट. कुवेतमध्ये वाळूतून घरांच्या रांगाच्या रांगा उठत होत्या आणि त्यातल्या काही घरांचं वायरिंग तपासायचं काम आम्हा दोघांकडे होतं. मी चिपळूणचा, ते रत्नागिरीच्या खाडीवरचे. उंच, खांद्यात वाकलेले, चेहरा कायम मयताला निघाल्यासारखा. नवंकोरं घर असलं तरी म्हणायचे, "भाऊ, ह्या घराचा काय खरा नाय."

घराचंच कशाला, कशाचंच नाही. फरवानियाची बस वेळेवर आली तर म्हणत, "ब्रेक गेलेले असनार." कुणाच्या निकाहला गेलो तर सगळे नवऱ्या मुलाकडे बघत, हे त्याच्या डोक्यावरच्या दिव्यांच्या माळेकडे. भर समारंभात त्यांनी नवऱ्याला खुर्चीसकट बाजूला सरकवलं होतं. मिरकाबला त्यांची एक खोली होती. तिथले सगळे प्लग पॉइंट काढून त्यांनी भोकं सिमेंटनं बुजवली होती. शर्टाला इस्त्री गादीखाली.

एकदा भर उन्हाळ्यात आम्ही रुमैथियात एका घरी गेलो. नवरा तेलाच्या कामावर दूर, घरात सुलभा नावाची साताऱ्याकडची तरुण बाई आणि तापानं फणफणलेलं तान्हं मूल. टेबलफॅन घरघरत होता. कासमभाईंनी मेन बंद केला. फ्यूजच्या पेटीतून निघालेली तार सगळ्या खोल्यांतल्या प्लगांना भेटून पुन्हा पेटीत परत येते. ती दोन्ही टोकं सोडवून त्यांनी बॅटरीची घंटी जोडली. तार अखंड असेल तर घंटी वाजते.

वाजली नाही.

"खलास," कासमभाई म्हणाले.

"अहो चाचा, पण पंखा तर फिरत होता की!" सुलभा म्हणाली.

"तीच तर पंचाईत हाय, बाय. तार मधीच तुटली तरी दोन्ही बाजूनं वीज येते, सगळा चालतो. पन दोघांचा भार एकल्यावर पडतो. तापतो. एक दिवस भिंत पेटते."

नियमानं वीज बंद ठेवून निघायचं होतं. दुरुस्ती ठेकेदाराची, आणि तो पुढच्या आठवड्याखेरीज फिरकणार नव्हता. सुलभाच्या डोळ्यांत पाणी आलं. "या उकाड्यात पोराला घेऊन मी कुठे जाऊ? इथं माझं कोण आहे?"

मी हळूच म्हटलं, "कासमभाई, चार दिवस चालू ठेवू या. इतके दिवस काही झालं नाही."

"नाय."

एवढंच बोलून ते खाली बसले आणि स्वतःच एकेक प्लग उघडायला लागले. हे आमचं काम नव्हतं. घामानं शर्ट पाठीला चिकटला. मूल रडत होतं, सुलभा पुठ्ठ्यानं वारा घालत होती. शेवटी मुलाच्या पलंगामागचा प्लग निघाला. तार सुटून पडलेली, आतलं लाकूड कोळशासारखं काळं. कासमभाईंनी बोट लावलं तर त्याचा भुगा झाला. सुलभानं मुलाला छातीशी ओढलं.

त्यांनी जळकी तार छाटली, नवा प्लग बसवला. घंटी वाजली. मेन चालू केल्यावर सुलभानं भीतभीत पंख्याचं बटण दाबलं, पातं फिरलं आणि ती चक्क टाळ्या वाजवून हसली. कासमभाई तिच्याकडे बघत राहिले. मग पाणीसुद्धा न पिता पिशवी उचलून बाहेर पडले.

बसथांब्यावर त्यांनी पिशवी पायाशी ठेवली. मग एकदम म्हणाले, "गावाला मी घर बांधला ना, भाऊ, तवा वायरिंग आपल्या हातानं केली. गावात वीज नव्हती. म्हटला, येईल कधीतरी. आमची बायको जैबून, येडी. रोज फडक्यानं बटनं पुसायची नि एकेक दाबून बघायची. मी हसायचा. म्हटला, अगो, खांबच नाय तर दिवा कसा लागंल? तर म्हनायची, सवय हवी हाताला."

"मग?"

"मग काय. मी इथं असताना गेली. जहाजानं पोचलो तवा तिचा चाळिसावा दिवसही होऊन गेलेला."

त्यांनी वाकून पिशवीचा पट्टा आवळला.

"मागल्या महिन्यात गावचा मानूस भेटला," ते म्हणाले. "रस्त्यानं खांब आलेत म्हनं. आमच्या दारापर्यंत."

"मग घ्या ना वीज, कासमभाई. एवढं वायरिंग करून ठेवलंयत."

बस आली. ते पायरीवर चढले, दांडा धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घेईन रे. पन तिथं बटनं दाबनार कोन?"