मागे काना असेल तर सोडा

शब्द शोधून बदलणं हे माणसाचं काम नाही, रेग्युलर एक्सप्रेशनचं, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या एका ओळीच्या सूत्राचं आहे, असं मी साताऱ्यात चहाच्या टपरीवरसुद्धा सांगत असे. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो मी! ते पलूसच्या सुभेदार नाथाजींच्या कानावर गेलं, हा काही माझा दोष नाही.

सुभेदार आत्मचरित्र घेऊनच आले.

"मास्तर, जावई म्हन्तो, पुस्तकात 'लय' लय झालंय. जरा शुद्ध करा. पर शेवटचं वाक्य जपा. उभ्या जन्मात मंडळीला चांगलं बोललो न्हाई, ते तिथं लिवलंय."

"एका ओळीत करतो!"

'लय' दिसलं की 'खूप' कर. चहा निवायच्या आत काम फत्ते!

प्रेसवाल्या मोहसीनचा फोन आला. "सर, सुभेदार कुठल्या विद्याखूपात शिकले?"

"काय?"

"ड्यूटी हिमाखूपात. आणि छावणीत म्हणे शौचाखूप नव्हतं!"

मी डगमगलो नाही. अट घातली: शब्दाच्या सुरुवातीला 'लय' असेल तरच बदल. तरी हिमाखूप जागच्या जागी! खणून पाहिलं तर आमचं सॉफ्टवेअर काना हे अक्षरच मानत नव्हतं. काना आला की त्याच्या लेखी शब्द संपला, पुढचं 'लय' नवंकोरं! अशा अडाण्याला मी मराठी शुद्ध करायला बसवलं होतं.

मग मागे अक्षर, काना, मात्रा, काहीही असेल तर हात लावायचा नाही, असा दम भरला. हिमालय परत आला! प्रलयसुद्धा आला! मी निर्धास्त झालो.

प्रकाशनाला सुभेदारांची मंडळी, विजयमालाकाकी, पहिल्या रांगेत. सुभेदारांनी छाती फुगवून माइकवर शेवटचं वाक्य वाचलं.

"आमच्या मंडळींच्या चालण्यात एक खूप आहे."



"एक काय हाय?" काकींनी विचारलं.

"खूप..." सीमेवर न डगमगलेला माणूस माझ्याकडं बघू लागला.

"काय खूप हाय? वजन?"

"अगं, तसं न्हवं! लय हाय, लय!"

"लय वजन हाय?"

काकी उठल्या आणि पाय आपटत दाराकडं निघाल्या. एकेक पाऊल अगदी ठेक्यात पडत होतं. सुभेदारांनी लिहिलं होतं ते शंभर टक्के खरं होतं!

माझ्या प्रतीवर सुभेदारांनी सही करून दिली आहे. वर लिहिलंय, 'मास्तर, तुमी लय शाणं.'

पेननं लिहिलंय. बदलता येत नाही.