रुडी हाकालाचा क्लच

"हिवाळ्यात माणसाला माणूस लागत नाही, चांगली स्नोमोबाइल लागते," असं रुडी हाकालानं नोव्हेंबरात विमानतळावर बायकोला सांगितलं, आणि तेही इतक्या मोठ्यानं की रांगेतल्या दोन अनोळखी माणसांनी माना डोलावल्या.

मार्लीन बर्फ वितळेपर्यंत बहिणीकडे, जोआनकडे, ॲरिझोनात निघाली होती. तिचे गुडघे थंडी मानायला तयार नव्हते. रुडीनंही यावं म्हणून तिनं महिनाभर त्याच्या मागे टुमणं लावलं होतं.

"मी वाळवंटात जाऊन काय करू? निवडुंगाला पाणी घालू?" रुडी म्हणाला.

"निवडुंगाला पाणी लागत नाही."

"बघ. म्हणजे तिथं माझं कामच नाही."

ती गेली. रुडीनं घरी येऊन बर्फावरच्या त्या गाडीला पॉलिश केलं, टाकी भरली आणि हात चोळत हिवाळ्याची वाट पाहिली. हिवाळा आला. मिशिगनच्या त्या वरच्या टोकाला तो येतो तेव्हा राहायलाच येतो. जानेवारी लागेपर्यंत बर्फ खिडक्यांना येऊन टेकला, दुपार संपायच्या आत अंधार पडायला लागला, आणि घरात फ्रिज चालू व्हायचा आणि बंद व्हायचा तेवढीच काय ती वर्दळ उरली. रुडी सवयीनं दोन कप मांडायचा आणि एक परत ठेवायचा. एकदा त्यानं फावड्याला "सरक जरा" म्हटलं आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला. आपला आवाज असा आहे हे तो विसरूनच गेला होता.

आता तुम्ही म्हणाल, गावात माणसं नव्हती का? होती की. समोर आर्वो लाहती राहायचा, रस्त्याच्या टोकाला डॉम बियांकी. तिघं एका शाळेतले. पण त्या गावातला पुरुष दुसऱ्याच्या घरी उगाच जात नाही. उगाच गेलं तर "काय झालं?" असं विचारतात, आणि काही झालेलं नसेल तर दोघांनाही लाज वाटते. मशिनरी बिघडली तर मात्र न बोलावता येतात. मागच्या हिवाळ्यात रुडीच्या गाडीचा खालचा, बर्फावर फिरणारा पट्टा फाटला तेव्हा हे दोघं आठवडाभर त्याच्या गॅरेजात ठाण मांडून होते. मार्लीननं केलेला वेलदोड्याचा पाव फस्त केला, रुडीच्या पान्यांना नावं ठेवली आणि पट्टा बसल्यावर निघून गेले. रुडीला तो आठवडा फार आठवायचा.

पण यंदा गाडी ठणठणीत होती. आणि ती मुद्दाम मोडणं रुडीच्या रक्तात नव्हतं. त्याचा जन्म बर्फ काढायच्या सरकारी ट्रकांच्या शेडमध्ये यंत्रं जपण्यात गेला होता. चार दिवस विचार करून त्यानं अशी युक्ती काढली की तिच्यावर तो स्वतःच खूश झाला. गाडी मोडायची नाही. गाडी सुधारायची!

त्यानं इंजिनला मोठे सिलिंडर आणि नवा पाइप मागवला आणि बसवला. ताकद जवळजवळ दीडपट झाली. आणि स्नोमोबाइलची ताकद वाढली की क्लच बिथरतो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या क्लचमध्ये तीन छोटी वजनं असतात. इंजिन फिरलं की ती बाहेर फेकली जातात आणि क्लचमधला पट्टा आवळतात. इंजिनाच्या मानानं ती हलकी पडली तर इंजिन नुसतं किंचाळतं, गाडी पुढे जात नाही. जड झाली तर इंजिनाचा दम कोंडतो. बरोबर वजन सापडेपर्यंत घाल, पळव, काढ, पुन्हा घाल. माणसांचे हिवाळेच्या हिवाळे त्यात जातात. रुडीला एक तरी हवा होता.

गॅरेजचं दार सताड उघडून त्यानं गाडी चालू केली. जुन्या वजनांवर ती अशी किंचाळली की छपरावरचा बर्फ घसरून खाली आला. रुडीनं कॉफीचं भांडं चढवलं. पाणी उकळायच्या आत आर्वो दारात उभा होता.

"हलकी पडतायत," आर्वो म्हणाला. त्यानं बूटसुद्धा झटकले नव्हते.

"वाटतंय खरं," रुडी म्हणाला आणि त्याच्यासाठी कप काढला. दुसरा कप.

"अडुसष्ट ग्रॅमची घाल. त्याच्याखाली बघूच नकोस."

"अडुसष्ट?" मागून डॉमचा आवाज आला. तो त्याची वजनांची डबीच घेऊन आला होता. "अडुसष्ट घालून काय नांगराला जुंपायचीय? बासष्ट. माझा भाऊ मोंटानात बासष्टच वापरतो."

"तुझा भाऊ डोंगरावर राहतो. तिथं हवा विरळ. इंजिनला श्वासच पुरत नाही म्हणून हलकी घालतात."

"माझ्या भावाच्या श्वासाबद्दल बोलायचं काम नाही."

रुडी स्टुलावर बसून ऐकत राहिला. त्याला इतकं बरं वाटत होतं की त्याची कॉफी हातातच निवली.

मग रोज मैफल भरू लागली. अडुसष्ट घालून रुडी गोठलेल्या तलावावर जायचा. गाडी दम्याच्या पेशंटसारखी धापा टाकायची. बासष्ट घातली की पुन्हा किंचाळायची. किनाऱ्यावर हे दोघं हातवारे करत उभे, आणि रुडी परत आला की तिघं गॅरेजात, क्लच उघडा, कॉफी गरम. रुडी पेस्ट्या, म्हणजे बटाटा आणि मांस भरलेल्या तिकडच्या मोठ्या करंज्या, करायला शिकला. आतले बटाटे कच्चे राहायचे, तरी डॉम एकावेळी दोन खायचा आणि तिसरीला नावं ठेवायचा.

"कोणी येतं का रे घरी?" मार्लीननं रविवारी फोनवर विचारलं.

"माणसांनी उच्छाद मांडलाय. जरा शांतता म्हणून नाही," रुडी म्हणाला. असलं खोटं बोलण्यात केवढं सुख असतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

आणि मग घात झाला. आर्वो अडुसष्टवरून खाली येईना, डॉम बासष्टवरून वर चढेना, म्हणून एका दुपारी निव्वळ भांडण मिटवायला त्यांनी चौसष्ट घातली. रुडी तलावावर गेला, वेगाचा खटका दाबला, आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा जिथं यायला हवा तिथं आला नि तिथंच थांबला. ओरडणं नाही, धापा नाही. गाडी बर्फावरून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. रुडीनं उगाच आणखी एक फेरी मारली.

"जमलं," आर्वो म्हणाला.

"जमलं बुवा," डॉम म्हणाला. "उद्या सकाळच्या थंडीत एकदा पळवू आणि झाकण बंद करू. सुटलो या कटकटीतून."

दोघं पाय ओढत घरी गेले. रुडी गॅरेजात एकटा उभा राहिला. टेबलावर तीन कप होते. उद्या पुन्हा दोन, म्हणजे एकच. ज्या माणसानं जन्मात एक नट ढिला सोडला नाही, त्या माणसानं तेव्हा पाना उचलला, चौसष्टची वजनं काढली आणि मूळची हलकी परत घातली. तेही काम सफाईदार झालं, ती सवय जात नाही.

सकाळी गाडी किंचाळली. डॉमनं क्लच उघडला, एक वजन उचललं, त्यावरचा आकडा वाचला आणि पुन्हा वाचला.

"ही चौसष्टची नाहीत."

आर्वोनं डॉमकडे पाहिलं. गावात गॅरेजला कुलूप कोणीच लावत नाही.

"तुला सहन झालं नाही ना," आर्वो सावकाश म्हणाला. "बासष्टच्या वर गेलं ते."

"म्हणजे मी रात्री चोरासारखा येऊन वजनं बदलली?"

"हलकी घाल, हलकी घाल, हे घोकत कोण होतं मग? मी?"

"मला बदनाम करायला तूच घातली असशील. हरलास म्हणून."

"मी हरलो? अरे, बासष्टवाला तू!"

रुडीनं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर कारणही सांगावं लागणार होतं, आणि ते सांगण्यापेक्षा कॉफी ओतणं सोपं होतं. त्यानं "कॉफी घ्या" एवढंच म्हटलं. कॉफी कोणी घेतली नाही.

तिथून प्रकरण हाताबाहेर गेलं. आर्वो आणि डॉम यांची तलावावर मासे धरायची एक झोपडी होती, बर्फाला भोक पाडून आत बसायची, वडिलांच्या काळापासून भागीदारीत. दोघांनी ती वाटून घ्यायचं ठरवलं. शेगडी डॉमच्या वडिलांनी आणली होती, ती डॉमनं काढली. भिंती आणि दार आर्वोचं. आता आर्वो दार लावून आत कुडकुडत बसायचा, आणि डॉम उघड्या तलावावर शेगडी पेटवून, वाऱ्याकडे पाठ करून तिच्याशेजारी. मध्ये हाकेचं अंतर. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते आणि दोघांनाही मासे मिळत नव्हते. दुकानात गावाचे दोन तट पडले. काही माणसं आर्वोशी बोलेनात, काही डॉमशी. रुडीकडे तर कोणी फिरकेचना. जिथं भांडण लागलं ते गॅरेज त्याचं होतं.

रुडी खिडकीतून ती एकटी शेगडी आणि ते बंद दार बघत राहायचा. आपल्याला सोबत हवी म्हणून आपण दोन माणसांना एकटं पाडलं, हे त्याला दिवसभर टोचायचं. आधी घरात एक माणूस एकटा होता. आता तलावावर आणखी दोन.

शेवटी एका सकाळी तो गाडीवर बसला आणि किंचाळत, कासवाच्या गतीनं तलावावर गेला. तो पोहोचेपर्यंत आर्वोला दार उघडून बाहेर यायला आणि डॉमला उठून उभं राहायला भरपूर वेळ मिळाला.

"वजनं मी बदलली," रुडी म्हणाला.

वारा वाहत होता. शेगडीवर डॉमची कॉफी उकळत होती.

"तू?" डॉम म्हणाला. "आपली आपणच? का?"

रुडीनं हातमोज्यांकडे पाहिलं. "तुम्ही येत होतात म्हणून."

आर्वो आभाळाकडे बघायला लागला. डॉमनं शेगडीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. कोणी गेलं तर काय बोलायचं, हे त्या माणसांना माहीत होतं. हरीण हुकलं तर काय बोलायचं, तेही. यावर काय बोलायचं ते कोणालाच शिकवलेलं नव्हतं.

"मूर्ख माणसा," शेवटी डॉम म्हणाला, "नुसतं सांगायचंस तरी."

"काय सांगायचं?" आर्वोनं विचारलं.

"हेच की... या म्हणून."

तिघांनी त्यावर विचार केला. तिघांनाही ते फार लाजिरवाणं वाटलं.

"चल, क्लच उघड," आर्वो म्हणाला.

तिथंच बर्फावर त्यांनी रुडीनं खिशातून आणलेली चौसष्टची वजनं परत घातली. बघता बघता काम झालं. रुडीनं गाडी पळवून आणली. काटा जागेवर, आवाज गोड. डॉम आणि आर्वो तोवर रुडीच्या अकलेवर इतके हसले होते की त्यांचं भांडण कधी मिटलं हे त्यांना कळलंच नाही. दोघांनी मिळून शेगडी उचलली, झोपडीत नेली आणि दार आतून लावून घेतलं. त्या झोपडीत दोघांपुरतीच जागा होती. आत जाण्याआधी डॉमनं रुडीच्या पाठीवर थाप मारली होती, आणि त्या गावात यापेक्षा जास्त कोणी करत नाही.

रुडी सगळ्या काउंटीतली सगळ्यात उत्तम जमलेली गाडी घेऊन घरी आला. तिच्यावर बसून जाण्यासारखं ठिकाण मात्र एकही नव्हतं.

रविवारी मार्लीनचा फोन आला. "काय म्हणते गर्दी?"

रुडी खोटं बोलायला गेला, पण या वेळी त्याला खोटं सुचेना. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. सिलिंडर, चौसष्ट ग्रॅम, दार, शेगडी. मार्लीन हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"रुडी," ती म्हणाली, "इथं नळ गळतोय."

"कुठला?"

"सगळेच."

"जोआनच्या नवऱ्याला सांग की."

"त्याला काय कळतंय त्यातलं."

रुडीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. इकडच्या कानाला काहीतरी झालं होतं, आणि डोळ्यालाही. "सगळे नळ एकदम म्हणजे साधं काम नाही," तो म्हणाला. "हत्यारं आणावी लागतील."

"आण," मार्लीन म्हणाली.

तो गेला. पिशवीभर पाने आणि डबाभर वॉशर घेऊन, भर उन्हात लोकरीची टोपी घालून. जोआनच्या घरातले सगळे नळ कोरडे ठणठणीत होते. पण माणूस एवढ्या लांबून कामाला आलाय म्हटल्यावर काम केलं पाहिजे, म्हणून त्यानं एकेक नळ उघडला, तपासला, वॉशर बदलला आणि पुन्हा बसवला. मार्लीन शेजारी खुर्ची टाकून बसली होती, पाने हातात देत. संध्याकाळपर्यंत काम संपलं, आणि स्वयंपाकघरातला नळ, जो वीस वर्षांत कधी गळला नव्हता, तो टपटप गळायला लागला.

त्यामुळे रुडीला एप्रिलपर्यंत तिथं राहणं भागच पडलं.